बारगिराची जबानी

गारखेड्यातल्या त्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येई आणि मधले सात दिवस कुळकर्ण्यांच्या बोअरवर निघत. मे महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता. त्या बुधवारीही नानासाहेब कुळकर्णी सव्वापाचला उठले, एका तांब्यात तोंड धुतलं आणि राहिलेलं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं. पावणेसहाला त्यांनी मोटर सुरू केली. बोअर पंधरा मिनिटं चाले, त्यापुढे हवा ओढू लागे. पहिली चार मिनिटं पाणी घरच्या टाकीत गेलं. मग हिरवा पाइप कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे टाकून त्यांनी चार बिऱ्हाडांच्या टिपाडांमध्ये दोन-दोन मिनिटं पाणी सोडलं. शेवटी उरलेल्या धारेखाली गोजरबाईंनी आपले कॅन धरले. त्या या गल्लीत तीन घरची धुणीभांडी करीत आणि मागच्या वस्तीत राहत, जिथं टँकर येई तेव्हा येई. पहिला कॅन भरला. दुसरा अर्धा झाला आणि पाइपानं हवा ओकायला सुरुवात केली.

"राहू द्या नाना," गोजरबाई म्हणाल्या. "उद्याचं उद्या."

एकोणऐंशी वर्षांच्या नानांनी मोटर बंद केली, पाइप गुंडाळला आणि आत येऊन रोजच्या सवयीनं बैठकीच्या खोलीतल्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता आणि त्याखाली फिकट चौकोन. तिथली चौकट त्यांच्या मुलीनं, सावनीनं, नऊ दिवसांपूर्वी कामासाठी नेली होती.

त्या चौकटीत एक मोडी कागद होता, शके सोळाशे सव्वीसचा. करमाडच्या पुढचं लोहगव्हाण हे कुळकर्ण्यांचं मूळ गाव. सलग दुसऱ्या दुष्काळी वर्षी कुणा सरदाराची पागा तिथं तीन दिवस उतरली होती. पुढं एका घोड्याबाबत चौकशी निघाली आणि कचरू नावाच्या बारगिराची जबानी झाली. बारगीर म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा घोडाही नाही, पागेचा घोडा घेऊन चाकरी करणारा साधा स्वार. पागेचा कारकून तापानं पडला होता, म्हणून जबानी गावच्या कुळकर्ण्यानं लिहून घेतली. कागदाची शेवटची ओळ नानासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवीत: ‘पाणियाची सोय गावकुळकर्णी यांणी केली, कसूर केली नाही.’ मग चष्मा काढून म्हणत, आपल्या घराण्यानं पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. ही बढाई नव्हती. गेली सहा वर्षं हिरवा पाइप भिंतीवरून जात होता, हे सगळी गल्ली जाणत होती.

सावनीला मोडी नानांनीच शिकवली, ती अकरा वर्षांची असताना. पुढे तिनं विद्यापीठात इतिहासात एम.ए. केलं, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि आता ती सूतगिरणी चौकाजवळ, दुचाकींच्या गॅरेजवरच्या तीन खोल्यांत चालणाऱ्या एका लहानशा गेम कंपनीत लेखनाचं काम करीत होती. कंपनी इंद्रजीतची. तो करमाडच्या पाटलांचा. घरची जमीन शेंद्र्याकडच्या कारखान्यांत गेली, भावांनी त्या पैशात मंगल कार्यालय काढलं, यानं सात संगणक घेतले. घरात त्याची ओळख ‘आमचा खेळण्यावाला’ अशीच करून दिली जाई.

दोन वर्षं चाललेल्या त्यांच्या गेमचं नाव होतं ‘बारगीर’ आणि त्याचा नायक होता त्या कागदातला कचरू. खेळणाऱ्यानं पहाटे उठायचं, घोड्याला खरारा करायचा, तोबऱ्यात चंदी भरायची, तंगाचा तुटलेला पट्टा शिवायचा, पाण्यावर जायचं, रांगेत उभं राहायचं, वाट पाहायची. सात दिवसांच्या खेळात तलवार एकदाही म्यानाबाहेर येत नसे. गुंतवणूकदारांनी यावरून टर उडवली, तेव्हा इंद्रजीतनं त्यांना आपल्या चुलत्याची गोष्ट सांगितली होती. चुलते बावीस वर्षं फौजेत होते. सुट्टीवर आले की पोरं लढाईचं विचारायची, आणि चुलते सांगायचे, ओले बूट कसे वाळवायचे. तलवारी दाखवणारे लई झाले, इंद्रजीत म्हणे, सकाळी उठून तो गडी काय करत होता, ते कुणी दाखवलं नाय.

गेमच्या तिसऱ्या दिवशी तहानलेली पागा लोहगव्हाणला पोहोचे आणि गावचा कुळकर्णी आपल्या विहिरीवरची रहाटाची दोरी स्वतः कचरूच्या हातात देई. सगळ्या खेळात एवढाच एक दिलाशाचा प्रसंग होता. चाचणीला बसवलेल्या मुलांपैकी बहुतेकांना तोच आवडला. शुक्रवारी दुपारी एक वाजता सगळी संहिता पक्की होऊन आवाजाच्या ध्वनिमुद्रणासाठी पुण्याला जायची होती. गेमच्या पहिल्या पडद्यावर मूळ कागदाचं छायाचित्र हवं, म्हणून सावनीनं चौकट उतरवली होती. आतला कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला निघाला. तो तिनं तात्यासाहेबांकडे दिला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीस वर्षं जुनी पानं दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते आणि घरीच काम करीत.

त्या बुधवारी अकराच्या सुमारास त्यांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर ओल्या टिपकागदावर कागद पालथा पडला होता.

"ताई, पुठ्ठा सुटला," ते म्हणाले. "पण पाठीवर लिहिलंय. दाट लिहिलंय."

सावनी वाकून पाहू लागली, आणि पहिली जाणीव झाली ती स्वतःच्या चुकीची. असा कागद मोर्तबाशिवाय, म्हणजे अखेरच्या शिक्क्याशिवाय, संपत नाही, हे ती विद्यार्थ्यांना शिकवीत आली होती. घरच्या कागदाला मोर्तब नव्हतं. लहानपणी तिनं विचारलं होतं, तेव्हा नाना म्हणाले होते, खालची कड झिजून गेली. कड झिजलेली नव्हती. बावीस वर्षं तिनं रोज पाहिलेल्या त्या कडेकडे कधी परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं नव्हतं, कारण तो दस्तऐवज नव्हता, घरची भिंत होती.

तिनं भिंग मागून घेतलं आणि सावकाश वाचत गेली.

कुळकर्ण्याची स्वतःची विहीर भरलेली होती. तिच्यावर काटे टाकून ती झाकली होती. पागेला त्यानं दाखवली ती ओढियापलीकडील वस्तीची विहीर. घोडे पिऊन होईतो वस्तीच्या कोणी पाणी शेंदू नये, म्हणून कचरू बारगिरास विहिरीवर उभं केलं होतं. तीन दिवस तो उभा राहिला. ‘तिसरे दिवशी आवडी म्हणोन बाईल घागर घेऊन आली. लेकरू कडेस होते. येक घागर म्यां देविली. त्याजमुळे घोडा पाणियास उशीर झाला, म्हणोन माझा घोडा काढून घेतला, पायउतार केले.’ आणि त्याखाली, त्याच वळणाच्या अक्षरात, एकही अक्षर गिचमिड न करता: ‘जे सांगितले ते लिहिले. कमीजास्ती केले नाही. हस्ताक्षर विठ्ठल शामजी कुळकर्णी.’ शेवटी मोर्तब.

तात्यासाहेबांनी विचारलं, छायाचित्र झालं की परत पुठ्ठ्यावर लावू का? खळ तयार होती. सावनीनं सांगितलं, कळवते.

घरी आल्यावर तिनं जेवणं होऊ दिली. नाना खुर्चीत बसून पंख्याखाली वर्तमानपत्राची घडी घालत होते. तिनं मोबाइलवर घेतलेलं पाठीचं छायाचित्र मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला नाही. लावायची गरज नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच चिकटवला," नाना म्हणाले.

मग ते बोलायला लागले ते बहात्तर सालापासून. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, पाटबंधारे खात्यात नवे लेखनिक. सुट्टी काढून गावी गेले, तर माणसं खडीच्या कामावर आणि विहिरी कोरड्या. त्यांच्या घरच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. तिच्यावर त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. नानांनी दोन दिवस वाद घातला. अण्णा म्हणाले, तू शहरात नळाखाली हात धरतोस, तू मला पाणी शिकवू नको. तिसऱ्या दुपारी, डोकं थंड करायला म्हणून, नानांनी घरच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तराचा रुमाल सोडला आणि हा कागद हाती लागला.

"पुढची बाजू वाचली आणि उठून नाचावंसं वाटलं," ते म्हणाले. "मग उलटवला. तीच विहीर, बाई. तेच काटे. पाठ दाखवली असती तर अण्णा म्हणाले असते, बघ, रीतच आहे आपली."

शाळेतून त्यांनी खळीची वाटी आणली. कागद पुठ्ठ्यावर डकवला आणि संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसलेली असताना अण्णांसमोर पुढची बाजू मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गड्याला सांगून काट्या काढायला लावल्या. पाऊस लागेपर्यंत त्या विहिरीवर सगळं गाव प्यालं, ओढ्यापलीकडचंही.

सावनीनं विचारलं, मग नंतर का नाही सांगितलं? अण्णा गेल्यावर? मला मोडी शिकवताना?

नानांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली. हळूहळू त्यांना स्वतःलाच ती ओळ खरी वाटायला लागली होती. रोज वाचायची आणि तसं वागायचं. बोअर घेतला तेव्हा तुझी आई होती; म्हणाली, एवढं खोल कशाला, आपण तिघंच. तेव्हा त्या ओळीकडेच तर बोट दाखवलं होतं. हे सगळं त्यांनी खाली पाहत सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाले:

"मी गेल्यावर काय ते कर. तोवर राहू दे."

गेम तर शुक्रवारी दुपारी पक्का होणार होता.

गुरुवारी तिनं इंद्रजीतला सगळं सांगितलं. पाठीचा मजकूर ती वाचून दाखवत असताना तो टेबलाच्या कडेवर बसून ऐकत होता. आवडीच्या घागरीपाशी त्यानं हातातला चहा खाली ठेवला. कचरूला शिक्षा झाली, हे इतके दिवस कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या गेममध्ये तो सातव्या दिवशी घोड्यावर बसून निघून जाई.

"आणि पाटील कुठं होता तवा?" त्यानं विचारलं.

"पाटील सासुरवाडीला गेला होता. एका ओळीत लिहिलंय."

"बघा. आमच्यातले पैल्यापासून हुशार." तो हसला, पण फार वेळ नाही. "कुळकर्णी मॅडम, मी काय म्हणतो, गेम म्हणून इचाराल तर हेच पाहिजे. तीन दिवस हिरीवर उभं राहायचं, काही घडत नाय, आणि मग ती बाई येती. पण पोरांना तो दोरी देणारा कुळकर्णीच आवडलाय. अन् कागद तुमच्या घरचा. ठेवा नायतर काढा, मी दोन्हीला तयार. उद्या एकला मला फाइल द्या फक्त."

नाव बदलून चालेल का, असं तिनं विचारलं. गाव दुसरं, कुळकर्णी दुसरा. इंद्रजीत म्हणाला, चालंल की, कोण धरायला येतंय. मग आपल्या खुर्चीकडे जाता जाता थांबला आणि म्हणाला, फक्त मग पहिल्या पडद्यावर तो कागद लावता येणार नाय.

दिवसभर तिनं तीन वेळा तो प्रसंग उघडला आणि तीन वेळा बंद केला. पडद्यावरचा कुळकर्णी दर वेळी पुढे येऊन दोरी देत राहिला. त्याला चेहरा देताना चित्रकारानं नानांचं छायाचित्र समोर ठेवलं होतं. नाना ते पाहायला मुद्दाम गॅरेजवरच्या जिन्यानं वर आले होते, आणि गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं की आपला पूर्वज आता संगणकात आहे. पाठ दाखवायची, तर त्याच चेहऱ्यानं काट्या टाकायच्या होत्या. दुसरीकडे, आता ती जर गप्प बसली, तर बावन्न वर्षांपूर्वीच्या खळीत आणि तिच्या गप्प बसण्यात फरक हाच उरत होता की नानांच्या खळीनं एक विहीर उघडली होती, आणि तिच्या गप्प बसण्यानं काही उघडणार नव्हतं.

तिला राहून राहून आठवत होता तो मात्र विठ्ठल शामजी. पागेचा कारकून तापानं पडलेला. समोर पायउतार झालेला एक बारगीर, ज्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही. लेखणी याच्या हातात. एक ओळ गाळली असती, तर तीनशे वर्षांनीही कुणाला कळलं नसतं. त्यानं काटे टाकले होते आणि काटे टाकले असं लिहिलंही होतं. त्याच्या मनात तेव्हा काय होतं, हे कागद सांगत नव्हता, आणि सावनीला तसं काही आपल्या पदरचं घालायचं नव्हतं.

शुक्रवारी ती पाचला जागी झाली आणि खिडकीशी उभी राहिली. मोटर पावणेसहालाच सुरू झाली, पण तिचा आवाज जड येत होता. बोअरचं पाणी आणखी खाली गेलं होतं. नानांनी पाइप टाकीकडे वळवला, तसाच हातात धरून क्षणभर थांबले, आणि मग भिंतीवरून पलीकडे टाकला. त्यांनी गोजरबाईंना हाक मारली. गोजरबाई आपली पाळी शेवटची म्हणून पायरीवर बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, आज सूर्य कुणीकडून उगवला? त्यांचे दोन्ही कॅन काठोकाठ भरले. मग चार बिऱ्हाडं झाली. अकराव्या मिनिटाला पाइपानं हवा ओकली. घरच्या टाकीत त्या दिवशी थेंब पडला नाही.

नाना आत आले. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही. स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा माठ हलवून किती उरलंय ते पाहिलं आणि चहा एकाच कपाचा टाकू का, असं तिला विचारलं.

"अर्धा-अर्धा घेऊ," सावनी म्हणाली.

चहा पिताना ती त्यांच्याशी त्या विषयावर बोलली. फार नाही बोलली. आज दुपारी एक वाजता फाइल जाणार आहे, आणि ती कागदाच्या दोन्ही बाजू लिहिणार आहे, हे तिनं सांगितलं. विचारलं नाही. विचारलं असतं, तर नाही म्हणण्याचं किंवा हो म्हणण्याचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं, आणि या वयात तिला त्यांच्याकडून दोन्हींतलं काही नको होतं. नानांनी बशी कपाखाली सरकवली. मग त्यांनी विचारलं, बहात्तरचंही घालणार का त्यात?

"नाही. ते कचरूनं पाहिलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे तिला ठरवता आलं नाही. त्यांनी कप उचलून नेले. नेताना ते तिच्या खुर्चीमागून गेले, पण त्यांचा हात रोजच्यासारखा तिच्या डोक्यावरून फिरला नाही.

साडेनऊला ती कामावर पोहोचली. खाली गॅरेजमध्ये कुणी मोटारसायकल रेस करून पाहत होतं. तिनं तिसरा दिवस उघडला. कुळकर्ण्याच्या हातून दोरी काढली. त्याच्या विहिरीवर काट्या टाकल्या, आणि चित्रकाराला चिठ्ठी लिहिली की चेहरा तोच ठेवायचा, बदलायचा नाही. पागेला ओढ्यापलीकडे वळवलं. कचरूला विहिरीवर उभं केलं. पहाऱ्याचा पहिला दिवस, दुसरा दिवस; त्यात तिनं माश्या, उन्हानं सरकणारी सावली आणि घोड्यांच्या रांगेखेरीज काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आवडी आली. तिच्या तोंडी एकही वाक्य घातलं नाही, कारण जबानीत ती काही बोललेली नव्हती. खेळणाऱ्याला काय करायचं हे सांगणारी खूण पडद्यावर येणार नाही, अशी सूचना लिहिली. दोरी कचरूच्या हातात असेल. घागर समोर असेल. नुसतं उभं राहिलं, तरी खेळ पुढे जाईल.

सातवा दिवस तिनं नव्यानं लिहिला. आता कचरू घोड्यावर बसत नव्हता. तो जमिनीवर बसून बोलत होता आणि समोर विठ्ठल शामजी लिहीत होता. खेळणाऱ्यानं आठवडाभर जे केलं असेल, तेच कागदावर उतरणार होतं. घागर दिली असेल, तर घागर. दिली नसेल, तर ती दिली नाही हेही. आणि दोन्ही वेळेला शेवटी तीच ओळ, ‘जे सांगितले ते लिहिले’. ती तिनं मूळ कागदावरून जशीच्या तशी उतरवली, विठ्ठल शामजीच्या नावासकट; गावही बदललं नाही.

बारा चाळीसला तिनं एकदा सगळं वाचून पाहिलं, दोन विरामचिन्हं दुरुस्त केली आणि फाइल इंद्रजीतला पाठवली. तो पलीकडच्या खोलीत होता. थोड्या वेळानं दाराशी पाण्याची बाटली ठेवून गेला.

मग तिनं तात्यासाहेबांना फोन लावला. छायाचित्रं दोन्ही बाजूंची घ्या, म्हणाली, आणि कागद तसाच मोकळा राहू द्या. खळ लावू नका.